सूचना : यंदाचं वाण आपल्या हातचं

सर्व सभासद भगिनींना नमस्कार.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा प्लास्टिकचे डबे लुटायचे नाहीत, हे बैठकीत ठरलं आहे. घरातल्या जुन्या वस्तूंतून वाण करायला येत्या रविवारी दुपारी ३ वाजता राजेंद्रनगरच्या नेहमीच्या सभागृहात जमायचं आहे.

येताना आणा :

• जुन्या साड्यांचे काठ, धुऊन इस्त्री केलेले. बटव्यांना हेच लागतात. महेश्वरी किंवा इरकल असेल तर फारच छान. जरतार काळवंडलेली असली तरी चालेल.
• लोणच्याच्या, जॅमच्या काचेच्या बरण्या, झाकणासकट. लेबल कोमट पाण्यात भिजवून काढा. डिंक राहिलाच तर खोबरेल तेल आणि खायचा सोडा चोळा, मग साबणाने स्वच्छ धुवा. तेलकट काचेवर रंग धरत नाही.
• जुन्या लग्नपत्रिका, कात्री.

बरण्या फक्त बाहेरून रंगवायच्या, आत तिळगूळ भरायचा आहे. थर्माकोल आणि तडा गेलेली काच कृपया आणू नका.

कात्रणं सुक्या कचऱ्यातच टाका. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ ते २०२३ सलग पहिलं आलेलं इंदूर आपलं आहे!

शुक्रवारपर्यंत चिटणीसांना नाव कळवा. सुना-लेकींनाही जरूर आणा.