आपणच विकलेले, आपणच बसवलेले दिवे आपणच ‘बेकायदा’ ठरवता: वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख व वॉरंटी विभाग प्रमुख यांस

विषय: रेग्युलेटर-रेक्टिफायर (अल्टरनेटरची वीज बॅटरीजोगी करून देणारा भाग) जळाल्यानंतर वॉरंटीचा दावा चुकीच्या कारणाने फेटाळणे, आणि त्यानंतर दूरध्वनीवर झालेला अपमान.

महोदय,

आज सकाळी ११ वाजता आपल्या वॉरंटी विभागाशी माझे सहावे आणि शेवटचे बोलणे झाले. यापुढे मी आपल्याला फोन करणार नाही. जे सांगायचे ते लेखी सांगेन आणि उत्तरही लेखीच स्वीकारेन.

गाडी आपली आहे, तिची रचना आपल्याला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे, म्हणून तिचे वर्णन करत बसत नाही. माझी गाडी १९ महिन्यांची आहे, २१,४०० किलोमीटर चालली आहे, वॉरंटी तीन वर्षांची आहे आणि प्रत्येक सर्व्हिसिंग आपल्या कोल्हापुरातील अधिकृत केंद्रातच, ठरलेल्या अंतराच्या आत झाले आहे. सोमवार ते शुक्रवार मी या गाडीवरून कोल्हापूरहून इचलकरंजीला शिकवायला जातो आणि संध्याकाळी परत येतो. सुटी मिळाली की पत्नीला मागे बसवून याच गाडीने कोकणात किंवा कर्नाटकात उतरतो. एकाच गाडीने दोन्ही कामे करावीत म्हणूनच मी सरळ बसून चालवायची, फेअरिंग (अंगावरचे वारा अडवणारे आवरण) नसलेली मोठी स्टँडर्ड मोटारसायकल निवडली. अशा गाडीचा मोठेपणा तिच्या सीसीत नसून ती मालकाच्या अंगाला आणि कामाला जुळवून घेता येते यात आहे, हे मला शोरूममध्ये आपल्याच विक्री प्रतिनिधीने सांगितले होते आणि मला ते मनापासून पटले होते.

त्यानुसार मी गाडीत बदल केले, आणि ते कोणते हे मी काहीही न लपवता सांगतो. इंजिन गार्ड, पुढची काच, बॅगांसाठी दोन्ही बाजूंच्या चौकटी आणि एलईडीचे दोन जादा दिवे, ही सगळी साधने आपल्या ॲक्सेसरीजच्या पुस्तिकेतून निवडलेली आहेत, आपल्या विक्रेत्याकडून घेतलेली आहेत आणि गाडी ताब्यात मिळण्यापूर्वी त्याच्याच कारागिराने बसवलेली आहेत. त्यांचे बिल गाडीच्या बिलासोबतच झाले असून त्यावर प्रत्येक वस्तूचा आपला भाग क्रमांक छापलेला आहे. बाहेरून केलेले काम एकच आहे: पत्नीची कंबर दुखते म्हणून सीटचे काम करणाऱ्या कारागिराकडून मागच्या अर्ध्या भागात वीस मिलिमीटर फोम वाढवून घेतला. दोघे आणि सामान असताना मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण) मी दोन घरे वाढवतो, पण ती सोय आपणच दिलेली आहे. सायलेन्सर मूळचा आहे, टायर मूळ मापाचे आहेत, रंग मूळचा आहे आणि मूळ वायरिंगच्या एकाही तारेला मी हात लावलेला नाही. लोकांना झोपेतून उठवणारा सायलेन्सर लावणाऱ्यांपैकी मी नाही. माझ्या गल्लीत आजारी माणसे आहेत आणि पहाटे सहाला मला त्यांच्या दारावरूनच जावे लागते.

गेल्या १२ जुलैला सावंतवाडीहून परतताना, संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास, आंबोलीच्या घाटात गाडीने दगा दिला. त्या घाटात जुलैमध्ये कसे धुके असते हे ठाऊक असणाऱ्याला पुढचे समजावून सांगायला नको. आधी मीटरचा उजेड मंदावला, मग एबीएसचा दिवा लागला, मग हेडलाइट मेणबत्तीसारखा झाला आणि एका चढाच्या वळणावर इंजिन बंद पडले. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी उतरली की पंपही थांबतो आणि ढकलून ती चालू होत नाही. मागे दिवा नाही, वर पाऊस, आणि खालून ट्रक चढत आहेत. माझी पत्नी मोबाइलची बत्ती मागे धरून वीस मिनिटे त्या वळणावर उभी होती आणि मी सव्वादोनशे किलोची गाडी इंचाइंचाने कडेच्या मातीत घेत होतो. आपल्या रस्ता-साहाय्य योजनेचे पैसे मी भरलेले आहेत. तिथून उत्तर आले की गाडी उचलणारे वाहन सकाळी कोल्हापूरहून निघेल. शेवटी भाजी पोचवून रिकामा परतणाऱ्या एका टेम्पोवाल्याने आम्हाला आणि गाडीला आजऱ्यापर्यंत नेले आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला पोचवले. मी स्वतः काढलेले पैसे सोडले तर त्याने एक रुपयाही जास्त मागितला नाही. त्या रात्री आमच्यासाठी उभा राहिला तो हा माणूस, आपली कंपनी नव्हे.

आता बिघाडाबद्दल. मी पदविका अभ्यासक्रमाच्या मुलांना विद्युत अभियांत्रिकी शिकवतो, त्यामुळे गाडी केंद्रात देण्यापूर्वी मी घरी मल्टिमीटर लावून तपासणी केली आणि सगळे आकडे लिहून ठेवले. बॅटरी पूर्ण चार्ज करून, जादा दिवे बंद ठेवून, ४,००० आरपीएमला बॅटरीच्या टोकांवर १२.३ व्होल्ट मिळाले आणि तेही हळूहळू उतरत होते. चार्जिंग ठीक असते तर तिथे सुमारे १४ व्होल्ट दिसायला हवे होते. स्टेटरकडून (वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरच्या स्थिर वाइंडिंगकडून, म्हणजे तारांच्या गुंडाळीकडून) येणाऱ्या तिन्ही पिवळ्या तारांमध्ये, दोन-दोनच्या जोडीने, ३,००० आरपीएमला अनुक्रमे ४८, ४८ आणि ४९ व्होल्ट एसी मिळाले आणि एकही तार चॅसिसशी जोडली गेलेली नव्हती. म्हणजे स्टेटर निर्दोष होता. दोष पुढे होता, आणि तो डोळ्यांना दिसत होता: स्टेटर आणि रेग्युलेटर यांना जोडणाऱ्या पांढऱ्या प्लगमधील एक पिन काळी पडली होती आणि तिच्याभोवतीचे प्लास्टिक वितळले होते. उरलेल्या दोन पिना नव्यासारख्या होत्या. एकच पिन जळते तेव्हा तिथला क्रिंप (तारेवर दाबून बसवलेला सांधा) किंवा जोड सैल असतो, सैल जोडाचा रोध वाढतो, आणि वाढलेल्या रोधातून तोच प्रवाह गेला की तिथे उष्णता साठते. हे मी दुसऱ्या सत्राच्या मुलांना शिकवतो.

आपल्या विभागाने मात्र एका ओळीच्या ईमेलमध्ये ‘जादा विद्युत साधनांमुळे बिघाड’ असे कारण देऊन दावा फेटाळला. हे कारण विजेच्या नियमांतही बसत नाही. दोन्ही दिव्यांवर प्रत्येकी १८ वॅट लिहिलेले आहे. दोन्ही मिळून ३६ वॅट, म्हणजे साडेतेरा व्होल्टला जेमतेम पावणेतीन अँपिअर. या दिव्यांना स्वतंत्र रिले आणि स्वतंत्र फ्यूज आहे आणि तो फ्यूज आजही शाबूत आहे. शिवाय या गाडीचा रेग्युलेटर शंट पद्धतीचा आहे: अल्टरनेटर जेवढी वीज देता येईल तेवढी देतच राहतो आणि गाडीला नको असलेली वीज रेग्युलेटर वाइंडिंगमध्येच शॉर्ट करून उष्णतेच्या रूपाने घालवतो. दिवे लावले की घालवायची वीज कमी होते, वाढत नाही. एप्रिल २०१७ पासून सर्व नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर आपोआप लागतो आणि चालकाला तो बंद करता येत नाही. तो भार आपणच रचनेत धरलेला आहे. जादा दिव्यांसाठी हेडलाइटच्या मागे तयार सॉकेट दिलेले आहे, तेही आपणच. ज्या भारासाठी आपण सॉकेट ठेवता, दिवे विकता आणि कारागीर देता, तो भार गाडीला झेपत नसेल तर दोष ग्राहकाचा कसा?

वॉरंटी पुस्तिकेतील संबंधित कलमात ‘कंपनीने मान्यता न दिलेली साधने’ असे शब्द आहेत. माझे दिवे आपल्या पुस्तिकेतले आहेत, त्यांच्यावर आपला भाग क्रमांक आहे आणि ते गाडीच्याच बिलासोबत विकलेले आहेत. हे मी सहाही वेळा सांगितले आणि या पत्रात पुन्हा सांगतो, कारण आजवर एकाही अधिकाऱ्याने ते बिल उघडून पाहिलेले नाही.

आता आजचे संभाषण. मला ते शब्दशः आठवते, कारण फोन तुटल्यावर मी लगेच लिहून काढले.

अधिकाऱ्याने विचारले, “तुम्ही गाडीला जादा लाइट लावलेत ना?” मी म्हटले, “होय, तुमच्याच कंपनीचे, तुमच्याच विक्रेत्याकडून.” तो म्हणाला, “म्हणजे मॉडिफिकेशन केलंत.” मी बिलाचा उल्लेख केला. त्यावर तो म्हणाला, “सर, ॲक्सेसरी विकणारा विभाग वेगळा आणि वॉरंटीचा वेगळा.” मी विचारले की दोन्ही विभाग एकाच कंपनीचे आहेत की नाहीत. याचे उत्तर न देता तो म्हणाला, “हे बेकायदा मॉडिफिकेशन आहे, आमचा नाइलाज आहे.” बेकायदा हा शब्द त्याने दोनदा वापरला. मी मल्टिमीटरचे आकडे वाचायला सुरुवात केली, तेव्हा त्याने मला मध्येच थांबवले आणि हसत म्हणाला, “काका, मीटर लावून गाडी कळत नसते. ही गाडी तरुण पोरांसाठी आहे. तुमच्या वयाला झेपेल अशी एखादी साधी गाडी घ्यायची होतीत, म्हणजे लाइट-बिइटची गरजच पडली नसती.” मग त्याने मला थांबायला सांगितले. सात मिनिटे मला आपल्या जाहिरातीचे संगीत आणि डोंगररस्त्यांवरील मोकळ्या प्रवासाचे गुणगान ऐकवण्यात आले, आणि आठव्या मिनिटाला फोन बंद झाला.

मी बावन्न वर्षांचा आहे. तीस वर्षे गाड्या चालवतो आहे आणि पंचवीस वर्षे वीज शिकवतो आहे. काका म्हटल्याने मला वाईट वाटले नाही. आमच्या गल्लीतली पोरे मला काकाच म्हणतात आणि त्यात माया असते. या माणसाच्या तोंडी तो शब्द मला गप्प बसवण्यासाठी होता, आणि हे बोलणे माझ्या शेजारी बसलेली माझी पत्नी ऐकत होती, जी त्या रात्री घाटात बत्ती धरून उभी होती.

बेकायदा या शब्दाबद्दलही बोलले पाहिजे, कारण तो हलका शब्द नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ सांगते की नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ मध्ये अनुज्ञेय नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंतची कैद किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. आपला अधिकारी माझ्यावर हा आरोप करत असेल, तर तो आरोप आधी आपल्या ॲक्सेसरीज विभागावर आणि आपल्या विक्रेत्यावर होतो. आपण तो लेखी करावा, नाहीतर लेखी मागे घ्यावा. ‘तसे म्हणायचे नव्हते’ हे उत्तर मला चालणार नाही.

माझ्या सांगण्यावरून आमच्या संस्थेतल्या दोन सहकाऱ्यांनी आपली गाडी घेतली. माझा पुतण्या पुढच्या महिन्यात नोंदणी करणार होता. ती त्याने काल माझ्यासमोर रद्द केली आणि मी त्याला थांबवले नाही. मला याचे दुःख होते, कारण गाडी चांगली आहे. तिचे इंजिन, तिचे वळणावर बसणे, दिवसाला चारशे किलोमीटर चालवूनही खांदे न दुखणे, हे सगळे मी अभिमानाने लोकांना सांगत आलो. एका सैल पिनेने आणि एका उद्धट माणसाने ते सगळे वाया घालवावे, याचा मला खरोखर राग येतो.

माझा खर्च असा झाला: रेग्युलेटर आणि वायरिंगचा जोड ११,९०० रुपये, पूर्ण उतरल्यामुळे निकामी झालेली बॅटरी ४,२०० रुपये आणि टेम्पो ५,५०० रुपये, एकूण २१,६०० रुपये. ही रक्कम, दावा फेटाळण्याचे कारण मागे घेतल्याचे पत्र आणि आजच्या बोलण्याबद्दल आपण माझ्या पत्नीची व माझी मागितलेली लेखी क्षमा, एवढे मला हवे आहे. त्या प्लगची तपासणी आपण आपल्याच अभियंत्याकडून करून घ्यावी, हीदेखील माझी मागणी आहे. हीच चूक इतर गाड्यांत असेल तर दुसऱ्या कुणाला तरी तो घाट रात्री गाठावा लागेल.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर मी कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार मला माझ्या राहत्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. माझ्यापाशी वेळ आहे. बिलाची प्रत, सर्व्हिसिंगच्या नोंदी, आकड्यांची वही आणि आजच्या संभाषणाची टिपणे पत्रासोबत जोडली आहेत.

काळी पडलेली पिन असलेला जुना प्लग केंद्राने टाकून देण्यापूर्वी मी मागून घेतला असून तो माझ्या घरी पिशवीत बंद करून, तारीख घालून ठेवला आहे. आपला अभियंता आला तर त्याला तो दाखवेन. पण तो हातात देणार नाही.

आपला ग्राहक,
कोल्हापूर