पिशव्या चढवता, तर लोहही मोजा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्यात माझी छोटी लॅब आहे. धडगाव, मोलगीकडून सिकलसेलची (हा रक्ताचा आनुवंशिक रोग) जी पोरं डोंगर उतरून येतात, त्यातल्या अनेकांचे रिपोर्ट माझ्या हातून जातात. रोग शोधण्याबद्दल माझी तक्रार नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, रोग संपवायला २०४७ ची मुदत ठरली, आश्रमशाळांत तपासण्या झाल्या. पोरगं सिकलसेलचं निघाल्यावर पुढे काय, हा माझा प्रश्न आहे; आणि त्यातही फक्त लोहापुरता.

आपल्याकडे लोह म्हटलं की कमीच असणार, हे ठरलेलं. किशोरांना निळी गोळी, गरोदर बाईला लाल गोळी, घरी गूळ-शेंगदाणे. बहुतेकांसाठी ते बरोबरही आहे. पण सिकलसेलच्या पोराचा एचबी (हिमोग्लोबिन) सहा-सातवर येतो तो मुख्यतः तांबड्या पेशी लवकर फुटतात म्हणून. फुटलेल्या पेशींतलं बरंचसं लोह अंगातच राहतं. काही पोरांना लोहाची खरी कमतरताही असते, म्हणून गोळ्या सरसकट बंद करा असं मी म्हणत नाही. फेरिटिन, म्हणजे अंगात लोहाचा साठा किती हे सांगणारी रक्ततपासणी, करा आणि मग ठरवा, एवढंच. नुसता एचबी बघून टॉनिकची बाटली हातात देणं थांबलं पाहिजे.

खरा भार मात्र या पोरांना चढवाव्या लागणाऱ्या रक्ताच्या पिशवीतून येतो. मोठ्या माणसाच्या अख्ख्या शरीरात तीन ते चार ग्रॅम लोह असतं. रोज एक-दोन मिलिग्रॅम आत येतं, तेवढंच झिजून जातं. जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. एका पिशवीत असतं २०० ते २५० मिलिग्रॅम. वीस पिशव्यांचा हिशेब चार-पाच ग्रॅमवर जातो. हे साठतं सगळ्यात आधी लिव्हरमध्ये, आणि तिथे वर्षानुवर्षं काही दुखत नाही. पोटात पाणी होऊन माणूस सिव्हिलला येतो तोवर लिव्हर आक्रसलेलं असतं. घरचे म्हणतात कावीळ झाली, शेजारी म्हणतात दारू प्यायचा. मोहाची दारू असेल तर लिव्हरचं नुकसान आणखी वेगानं होतं हे खरं, पण लोह कुणी मोजलेलंच नसतं.

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या डॉ. लॉरी पॉवेल यांनी उभी कारकीर्द लोह आणि लिव्हर या जोडीवर घालवली. त्यांनी अभ्यासलेला रोग वेगळा. हिमोक्रोमॅटोसिस हा आनुवंशिक, मुख्यतः उत्तर युरोपी वंशाच्या लोकांत आढळणारा. त्यात आतडं गरजेपेक्षा जास्त लोह शोषतं. त्याचं जनुक १९९६ मध्ये सापडलं. पण त्याच्या कितीतरी आधी या क्षेत्रातल्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं की रुग्णाच्या भावंडांनाही तपासावं, आणि सिरोसिस (लिव्हर आक्रसणं) होण्याआधी रोग पकडून नियमित रक्त काढत राहिलं तर तो माणूस इतरांइतकाच जगतो. आपल्याकडे तो रोग विरळाच. पण लोह कुठल्या वाटेनं आलं हे लिव्हर विचारत नाही.

आपल्या पोरांचं रक्त असं काढून टाकता येत नाही, आधीच कमी असतं. त्यांच्यासाठी डिफेरासिरॉक्सची गोळी आहे, ती जादा लोह बांधून बाहेर काढते. साधारण दहा-वीस पिशव्या झाल्या किंवा फेरिटिन १००० च्या वर टिकून राहिलं की डॉक्टर तिचा विचार करतात. गोळी निर्धोक नाही. किडनी आणि लिव्हरची तपासणी दर महिन्याला लागते. म्हणजे गोळी आणि तपासणी दोन्ही तालुक्यातच मिळायला हव्यात. मजुरी बुडवून दर महिन्याला धुळ्याला किंवा सुरतेला कोण जाणार?

रेशनच्या फोर्टिफाइड, म्हणजे लोह मिसळलेल्या तांदळावर, तो सिकलसेलच्या रुग्णांना चालेल का यावरून मोठा वाद झाला. किलोभर तांदळात २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह, आणि त्यातलं थोडंच अंगी लागतं. पिशवीतलं सगळं थेट आत. वादाची निम्मी ताकद तरी इकडे वळायला हवी होती.

मी स्वतः लॅबवाला, तेव्हा धंद्याची वकिली करतोय असं कुणी म्हणेल. म्हणून सांगतो, ही तपासणी माझ्याकडे नकोच, सरकारी खर्चानं व्हावी. फेरिटिन सीबीसीच्या (रक्तपेशी मोजायच्या) मशिनवर होत नाही, पण नमुना जिल्ह्याला पाठवता येतो. ताप किंवा अंगदुखीचा झटका असताना मात्र घेऊ नये, तेव्हा आकडा उगाच फुगतो.

तर मागणी अशी. सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या (हाही रक्ताचा आनुवंशिक रोग) प्रत्येक रुग्णाच्या कार्डावर, आजवर किती पिशव्या चढल्या याचा एक रकाना हवा. गाव बदललं, दवाखाना बदलला तरी हिशेब पुढे चालू राहिला पाहिजे. ज्यांना नियमित रक्त लागतं त्यांचं फेरिटिन दर तीन महिन्यांनी व्हावं. डिफेरासिरॉक्स ग्रामीण रुग्णालयांच्या औषधसाठ्यात यावं, आणि सुरुवात अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर इथून व्हावी. हे दोन्ही रोग २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहेतच, त्यामुळे नवा कायदा करायची गरज नाही. आपल्या खात्याचं एक परिपत्रक आणि औषध खरेदीच्या यादीत एक ओळ, एवढ्यावर काम सुरू होईल. येत्या खरेदीतच ती ओळ घालावी, ही विनंती.

आपला,
शहाद्याचा एक लॅबवाला