जहाज अ‍ॅक्विलोवर उभं आहे

फैजपूर, रात्रीचा दीड

प्रिय पिंट्या,

चार महिने झाले, तुझे तीन मेसेज पडून आहेत आणि मी एकालाही धड उत्तर दिलं नाही. वाईट वाटतं भो, खरंच. तब्येत बरी आहे, नानांची शुगर वर-खाली होते, बाकी ठीक. पण आज लिहिल्याशिवाय झोप येणार नाही, कारण ही गोष्ट घरात कोणाला सांगू? आईला सांगितलं तर म्हणते, "मग संपव ना बापा, झोप."

फॅक्टोरिओत, आपल्या त्या कारखाने उभारायच्या कॉम्प्युटर गेममध्ये, माझं अंतराळ जहाज तयार झालं. अ‍ॅक्विलोवर म्हणजे शेवटच्या बर्फाळ ग्रहावर उभं आहे. रेलगन लागल्या, फ्यूजन रिअ‍ॅक्टर चालू, गोळे भरले. आता फक्त सूर्यमालेच्या कडेचा रूट टाकायचा, पोचलं की फॅक्टोरिओ जिंकला. आणि माझा हात जात नाही. तीन दिवस झाले, रोज रात्री सेव्ह उघडतो, जहाजाच्या कडेकडेने बघत फिरतो आणि बंद करतो.

2020 चा ऑगस्ट आठवतो का? गेमचं 1.0 व्हर्जन नुकतंच आलेलं, लॉकडाऊन, तू भुसावळला क्वार्टरमध्ये आणि मी इथं. रॉकेटचे शंभर पार्ट, एकेकाला दहा लो डेन्सिटी, दहा फ्यूल, दहा कंट्रोल युनिट, म्हणजे प्रत्येकी हजार नग. पहाटे तीनला उडालं तेव्हा तू माइकवर असा ओरडला की तुझे बाबा ड्युटीची हाक समजून उठले. त्या माणसाचे उपकार विसरू नको, गेममधल्या रेल्वेचा चेन सिग्नल आपल्याला त्यांनीच शिकवला. "एका ब्लॉकात एकच गाडी, आणि पुढची वाट मोकळी असल्याशिवाय क्रॉसिंगात शिरायचं नाही," एवढ्या दोन वाक्यांत. त्याआधी आपण आठ दिवस व्हिडिओ बघत होतो.

आणि दुसऱ्याच दिवशी भांडलो. तू म्हणाला रॉकेट उडालं, गेम संपला. मला मेगाबेस पाहिजे होता, म्हणजे अवाढव्य कारखाना, मिनिटाला संशोधनाची हजार सायन्स पाकिटं. तू म्हणाला, "त्यात नवीन काय? तीन तारेच्या मशीनला दोन सर्किटच्या मशीन, तेच शंभरदा कॉपी-पेस्ट." तीन आठवडे बोललो नाही आपण. तुला कधी सांगितलं नाही, आज सांगतो. मी तो मेगाबेस एकट्याने सुरू केला होता. यूपीएस, म्हणजे गेमचा वेग, साठवरून चाळीसवर आला, गाड्या चिखलात चालल्यासारख्या चालायला लागल्या, आणि मी बंद केला. लॅपटॉप कमी पडला हे खरं, पण त्याच्या आधीच माझं मन उठलं होतं. नवीन काही सुचत नव्हतं, फक्त आकडा वाढत होता. तू बरोबर होता.

पण पूर्ण बरोबर नव्हता, आणि तेच तुला समजावता येत नाही म्हणून हे पत्र लांबत चाललंय. ऑक्टोबर 2024 ला गेमचा पुढचा भाग, स्पेस एज, आलं तेव्हा तू म्हणाला, इतकं लांब कशाला करायचं, पाच ग्रह, माणसानं नोकरी करायची का नाही. अरे पण लांबी म्हणजे नुसते तास नाहीत ना! त्यांनी रॉकेट पन्नास पार्टचं केलं, एका पार्टला प्रत्येकी एकच नग, म्हणजे पूर्वीचा शेवट तो आता आपला मालाचा ट्रक झाला. आणि प्रत्येक ग्रहावर आधीची सवय मोडावी लागते. फुल्गोरा ग्रहावर माल कमी पडत नाही, नको तो माल जास्त होतो आणि पट्टा तुंबतो.

आणि ग्लेबा. तू ज्या ग्रहावर गेम सोडून गेला ती ग्लेबा. तिथं सगळं सडतं, न्यूट्रिअंट पाच मिनिटांत, सायन्सचं पाकीट तासाभरात, आणि जितकं शिळं तितकं कमी संशोधन. तू म्हणाला होता हा गेम नाही, शिक्षा आहे. मी पण पंधरा दिवस डोकं आपटलं. मग एकदा सावद्याकडे केळीच्या कटिंगला गेलो, मजूर घड उतरवत होते, गाडी वेळेवर आली नाही म्हणून नाना मुकादमावर तापलेले, आणि मला एकदम दिसलं. घड कापला की घड्याळ चालू. केळीत कोणी गोडाऊन भरून ठेवतं का? गाडी लागल्यावरच कापायचं. घरी येऊन सगळ्या पेट्या काढून टाकल्या, माल थांबूच दिला नाही, सडलेलं टोकाला उचलून जाळलं, आणि ग्लेबा चालली! लहानपणापासून डोळ्यासमोर असलेली गोष्ट, तिथं कामाला आली. तेव्हा तुला फोन लावणार होतो, पण पोरगी चार दिवसांची होती तुझी.

अ‍ॅक्विलो मे महिन्यात केला. इथं 45 अंश, कूलरसमोर बनियनवर बसून मी प्रत्येक मशीनला हीट पाइप जोडू राहिलो, नाहीतर गोठतं. लोखंड-तांबंसुद्धा दुसऱ्या ग्रहावरून आणायचं.

एक मात्र तुझं मान्य. ते नशिबावर मालाची क्वालिटी वाढवत सगळ्यात वरच्या लेजंडरी दर्जापर्यंत दळत बसणं मला पटलं नाही, त्यात डोकं नाही, फासे आहेत. ते नसतं तरी गेम एवढाच मोठा राहिला असता. तुझ्या त्या दुसऱ्या कारखान्याच्या गेममध्ये, सॅटिसफॅक्टरीत, पण शेवटाला न्यूक्लियर पास्ता नावाचे हजार नग मागतात, आणि खाण कधी संपत नाही म्हणून तू निवांत असतो, तो वाद भेटल्यावर.

आता खरं सांगतो. कडेला पोचलो की "जिंकलात" म्हणेल आणि पुढं शॅटर्ड प्लॅनेटकडे जायचं, प्रोमिथियम आणायचं, न संपणारं संशोधन करायचं. म्हणजे पुन्हा तोच आकडा. तुझ्यासोबत करायला नवीन काही उरणार नाही. गेल्या वर्षी आपण सातदा फोनवर बोललो, मी मोजले. सहा वेळा ह्याच कारखान्याबद्दल. नॉविसवर, आपल्या पहिल्या ग्रहावर, तुझं ते वाकडं स्टेशन अजून तसंच आहे, गाडी तिथं दरवेळी अडते, पण मी हात लावला नाही. व्हल्कॅनस ग्रहावरची फाउंड्री पण तू मांडली तशीच. असं असताना शेवटचं बटण एकट्यानं कसं दाबू?

पोरगी रांगते का आता? वहिनींची बदली झाली का? पुण्याचं घर पाहिलं नाही अजून, येईन.

दिवाळीला ये. भाऊबीज झाल्यावर दोन दिवस राहा, आई भरीत आणि कळण्याच्या भाकरी करणार म्हणते. येताना लॅपटॉप आण आणि गेम तिथूनच अपडेट करून आण, इथलं नेट तुला माहीत आहे. जहाजाचं नाव ठेवलं नाही अजून, ते तू ठेव.

तुझा,
मन्या