रबाळ्याच्या मिस्त्रीकाकांना

नमस्कार मिस्त्रीकाका,

मार्चमध्ये फडक्यात गुंडाळलेली तुटकी पिन घेऊन तुमच्या गाळ्यावर आलो होतो, तो दिवाळे गावचा होडीवाला मी. पैसे तेव्हाच चुकते केले, आभार मात्र मनासारखे मानायचे राहिले.

आमची शिडाची होडी १४ फुटी. तिचं सुकाणू मागच्या फळीवर दोन पिनांवर लटकतं, दाराच्या बिजागरीसारखं. बेलापूरच्या खाडीत ऐन ओहोटीला खालची पिन तुटली. सोबत मुलगी होती. शीड उतरवलं आणि वल्ह्याने दिशा धरत कसेबसे जेट्टीला लागलो.

तुमच्याआधी दोन ठिकाणी "वेल्डिंग मारून देतो, अर्ध्या तासात न्या" असं ऐकलं होतं. तुम्ही सरळ नाही म्हणालात. तुटलेलं तोंड उजेडात धरून मला दाखवलंत. कडेने सगळं तपकिरी, मधे वाटाण्याएवढाच भाग चकचकीत. म्हणजे चीर कधीचीच पडलेली, त्या दिवशी उरलंसुरलं तुटलं. "वेल्डिंगच्या शेजारी पुन्हा जाईल, आणि तेव्हा तुम्ही कुठे असाल?" हा तुमचा प्रश्न अजून डोक्यातून जात नाही.

पिन ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची होती, तुम्ही ३१६ ग्रेडचा रॉड घेतलात. त्यात मॉलिब्डेनम हा धातू असतो, म्हणून खाऱ्या पाण्यात ते जास्त तग धरतं. स्टेनलेसलाही हवा लागते, फटीत खारं पाणी कोंडलं की ते तिथेच कुरतडलं जातं, हेही तुम्हीच समजावलंत. इतकी वर्षं मी वरून पुसून चकाकी बघत होतो.

मग लेथ सुरू करण्याआधी विचारलंत, "पाण्यात सुकाणू बसवताना खालचं भोक दिसतं का?" नाही म्हटल्यावर खालची पिन वरचीपेक्षा अर्धा इंच लांब ठेवलीत. कधी होडीत न बसलेल्या माणसाला हे सुचावं, याचं मला फार कौतुक वाटलं.

डोलकाठीच्या तारा ताणून धरणारे स्क्रू, म्हणजे टर्नबकल, तेही तुम्ही बघायला मागवून घेतलेत. एकात स्प्लिट पिनच्या जागी मी साधी तार पिळली होती. काही न बोलता ती काढून नवी पिन घातलीत, टोकं वाकवून दिलीत.

गेल्या रविवारी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून सुकाणू बसवलं. खालची पिन हाताला लागताच बसली, मग वरची सहज गेली. वाशीच्या दिशेने निघालो तेव्हा सुकाणू मुलीच्या हातात होतं.

वरची पिन अजून जुनीच आहे. तुम्ही म्हणालात तसं, पावसाळ्यात होडी वर काढली की घेऊन येतो.