तक्त्यात एक रकाना कमी आहे

माननीय संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशात जाऊन राहिलेल्या समाजांच्या प्रगतीवर लेख आला होता. सोबत तक्ता. अमेरिकेत गेलेले तैवानी लोक शिक्षणात आणि कमाईत वरच्या ओळीत, घानाहून गेलेले बरेच खाली. आकड्यांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती शेवटच्या परिच्छेदाबद्दल. तैवानी माणूस कष्टाळू, काटकसरी, मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेणारा. आफ्रिकी माणसाच्या अंगात ती शिस्त नाही, असं त्यात लिहिलंय. हे खरं नाही. माझ्या कामामुळे आणि माझ्या माहेर-सासरमुळे मला ते पक्कं ठाऊक आहे, म्हणून हे पत्र. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी विट्यात सव्वीस वर्षं पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, गोळा करते. पूर्वी कार्डावर सही करून द्यायचे, आता हातात मशीन आहे. बाजारपेठेत कोथिंबीर-मेथी घेऊन बसणारी एक मावशी रोज २० रुपये भरते. पाऊस असो, घरात आजारपण असो. नवऱ्याचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती बसायला आली आणि पदराची गाठ सोडून मागच्या तेरा दिवसांचे पैसे तिने माझ्या हातावर मोजून ठेवले. त्याच रस्त्यावर एक कापडवाले आहेत. दिवसाला ५०० भरतात आणि महिन्यातून आठ दिवस "उद्या या" म्हणतात. वर्षअखेरीला मावशीच्या खात्यावर सात हजार, त्यांच्या खात्यावर सव्वा लाखाच्या वर. नुसतं पासबुक बघणारा म्हणेल, कापडवाले शिस्तीचे. मी रोज दारात उभी असते, म्हणून मला माहीत आहे शिस्त कोणाकडे आहे ते.

आता अमेरिकेचं. २०१८ साली मुलीच्या बाळंतपणासाठी मी सहा महिने न्यू जर्सीत होते. शेजारच्या घरात एक तैवानी आजोबा आणि अंथरुणाला खिळलेल्या आजी. आजींचं सगळं करायला घानाची एक बाई यायची. आंघोळ, कपडे बदलणं, कुशीवर वळवणं, भरवणं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातून ती दोन बस आणि एक रेल्वे बदलून यायची. म्हणजे आपल्या तक्त्यातल्या दोन्ही ओळी माझ्या शेजारीच होत्या, एकाच छपराखाली.

ती बाई घानातल्या कुमासी शहरात शाळेत शिक्षिका होती. अमेरिकेत तिच्या त्या पदवीला कोणी विचारलं नाही. दुपारी आजी झोपल्या की ती मागच्या पायरीवर येऊन बसायची, मी नातवाला घेऊन बसायचे. माझं इंग्रजी मोडकं, तिचे उच्चार वेगळे, अडलं की मुलगी सांगायची. एक दिवस तिने फोनवर बायकांची यादी दाखवली. बारा जणी, दर महिन्याला प्रत्येकीने ठरलेली रक्कम टाकायची आणि पाळीपाळीने एकीने सगळी उचलायची. "सुसू," ती म्हणाली. मी म्हटलं, "भिशी!" मग तिने सांगितलं, घानात सुसू गोळा करणारा माणूस रोज बाजारात फिरतो, भाजीवालीकडून, मासेवालीकडून रोजचे ठरलेले पैसे घेतो, महिन्याला परत देतो आणि एका दिवसाची भरणी आपली मजुरी म्हणून ठेवतो. संपादक साहेब, मी तिला माझं पिग्मीचं ओळखपत्र दाखवलं. तिने ते दोन्ही हातांत धरून बघितलं आणि मला मिठी मारली. ज्या देशात घरोघर सुसू आहे, त्या देशाला काटकसर माहीत नाही, असं छापलेलं वाचून मला काय वाटलं असेल, ते ओळखा.

आणि हो, तैवानी आजोबांनीही तरुणपणी भिशी लावली होती. त्यांच्याकडे तिला 'हुई' म्हणतात. बोली लावून उचलायची, आपल्या लिलाव भिशीसारखी. त्या पैशातून त्यांनी पहिलं घर घेताना भर घातली. म्हणजे बचतीची रीत तिघांचीही सारखीच. मग फरक आला कुठून?

आजोबांचे वडील ताइनानजवळ कूळ म्हणून दुसऱ्याची जमीन कसायचे. १९५३ मध्ये तैवानमध्ये कसेल त्याची जमीन झाली, आपल्याकडे कूळकायद्याने झाली तशी. त्यात त्यांना तुकडा मिळाला, पोरगं शाळेत गेलं, तैपेईच्या सरकारी विद्यापीठात इंजिनिअर झालं. फी नावाला. तिथे तेव्हा पोरं म्हणायची की यायचं तर तैवान विद्यापीठात आणि जायचं तर अमेरिकेला. १९६५ मध्ये अमेरिकेने कायदा बदलून शिकलेल्यांना आणि नातेवाइकांना दार उघडलं होतं. आजोबा शिष्यवृत्तीवर पुढचं शिकायला आले, शिकता शिकता नोकरी लागली आणि राहिले. तैवानमध्ये १९८७ पर्यंत लष्करी कायदा होता, परत जायची ओढही कमी. मग त्यांनी भावाला, बहिणीला बोलावलं. १९८२ पासून तैवानला व्हिसाचा स्वतंत्र वार्षिक कोटा मिळाला, २०,००० चा, तेव्हा आणखी माणसं आली. आज तिथे तैवानमध्ये जन्मलेल्या दहा प्रौढांपैकी सात पदवीधर आहेत. असणारच. चाळणी लावूनच घेतले होते.

ही चाळणी नसती तर काय झालं असतं, तेही इतिहासात लिहिलेलं आहे. चिनी मजूर अमेरिकेत रेल्वे घालायला, खाणीत काम करायला गेले होते. १८८२ मध्ये कायदा करून चिनी मजुरांना यायला बंदी घातली. ती १९४३ मध्ये उठली, तीही वर्षाला १०५ माणसांपुरती. त्या साठ वर्षांत तिथला चिनी माणूस बहुतेक करून लोकांचे कपडे धुवायचा नाहीतर खानावळ चालवायचा. तेव्हा कोणी म्हटलं नाही की यांच्या संस्कृतीत शिक्षणाला मान आहे. बहुतेक तैवानी लोकांचे पूर्वजही चीनमधलेच, तीच आईबापांची शिकवण. दार बदललं आणि शास्त्रज्ञ दिसायला लागले.

आता घाना. १९५७ मध्ये स्वतंत्र झाला, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या ब्रिटिश वसाहतींत सगळ्यांत आधी. सोन्याचा देश, गोऱ्यांनी नावच गोल्ड कोस्ट ठेवलं होतं. पण सगळा डोलारा कोको या एका पिकावर. साठच्या दशकात कोकोचा भाव कोसळला, १९६६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि मग एकामागून एक उठाव. लाखो लोक पोटासाठी शेजारच्या नायजेरियात गेले. तिथे तेलाचे भाव पडले, आणि जानेवारी १९८३ मध्ये नायजेरियाने हुकूम काढला की परवानगीशिवाय राहणाऱ्यांनी देश सोडावा. सुमारे दहा लाख घानाचे लोक हातात मावेल ते घेऊन निघाले. आपल्याकडे बाजारात लाल-निळ्या चौकडीची मोठी पिशवी मिळते ना, मुंबईला जाताना सामान कोंबायला घेतो ती. त्या पिशवीला नायजेरियात अजून 'घाना मस्ट गो' म्हणतात, म्हणजे 'घानावाल्यांनो, निघा'.

ही बाई तेव्हा आठ वर्षांची होती, लागोसमध्ये. ट्रकच्या हौद्यात तिच्या आईने तिला त्या पिशवीवर बसवलं होतं. पिशवीत शिवणयंत्राचं डोकं होतं, त्याची कड मांडीला रुतत होती, एवढं तिला आठवतं. मुक्कामाला पोचले तर देशात दुष्काळ आणि वणवे. त्या वर्षी उपासाने माणसांच्या गळ्याची हाडं वर आली, त्याला लोक तेव्हाच्या लष्करी अध्यक्षांच्या नावाने 'रॉलिंग्जची माळ' म्हणायचे. ती बोटांनी स्वतःच्या गळ्याखालची दोन हाडं दाखवत होती आणि मला १९७२ चा दुष्काळ आठवत होता. मी दहा वर्षांची होते, आई खडी फोडायला जायची, आम्ही अमेरिकेहून आलेली मिलो ज्वारी खायचो.

ती अमेरिकेत आली ती लॉटरीने. ज्या देशांतून कमी लोक येतात त्यांच्यासाठी तेव्हा अमेरिका दर वर्षी सुमारे ५०,००० व्हिसा सोडत काढून द्यायची, १९९० च्या कायद्याने सुरू झालेली योजना. भारताला ती लागू नव्हती, म्हणून आपल्याला फारशी माहीत नाही. बारावीपर्यंतचं शिक्षण किंवा प्रशिक्षण लागणाऱ्या कामाचा दोन वर्षांचा अनुभव पुरायचा. ओळखीचं विद्यापीठ नाही, नोकरीचं पत्र नाही, आधी गेलेला भाऊ नाही. अशा दाराने आलेल्या बाईची कमाई शिष्यवृत्तीवर आलेल्या इंजिनिअरशेजारी ठेवायची आणि म्हणायचं, बघा संस्कृती! आणि हे लक्षात घ्या की आजोबा येऊन पन्नास वर्षं होत आली होती, तिला अकरा. तरीसुद्धा सहाराच्या दक्षिणेकडून आलेल्या प्रौढांपैकी साधारण चाळीस टक्के पदवीधर आहेत आणि अमेरिकेतच जन्मलेल्यांत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास आहे. हा आकडा आपल्या लेखात नव्हता.

रंगाचं तर एका ओळीतही नव्हतं. फोनवर "खोली रिकामी आहे" म्हणणारा घरमालक तिला दारात बघून "आत्ताच गेली" म्हणाला, असं तिच्या बाबतीत तीनदा झालं. आजोबांनाही वाईट वागणूक मिळाली होती, त्यांनी ती सांगितली, लपवली नाही. पण त्यांचं शेवटचं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. ते म्हणाले, माझ्या हातात प्रयोगशाळेचं नेमणूक पत्र असायचं.

लेखात तैवानच्या बाजूला तैवानमध्ये जन्मलेले, एनव्हिडिया या चिप कंपनीचे सहसंस्थापक जेन्सन हुआंग यांचा फोटो होता. घानाच्या बाजूला कोणीच नाही. कोफी अन्नान कुमासीचेच. १९५९ मध्ये शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकायला गेले आणि पुढे १९९७ ते २००६ संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झाले. त्यांनाही शिष्यवृत्तीचं दार मिळालं होतं. कोफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला. घानात वारावरून नाव ठेवतात, आपल्या आजे-पणज्यांत सोमा, बुधा, मंगळू असायचे तसंच.

हे सगळं मला इतकं लागलं, त्याचं कारण घरातलं आहे. माझं माहेर पाटण तालुक्यातलं, सासर खानापूर तालुक्यातलं. सासरे चौदाव्या वर्षी मामाबरोबर सेलमला गेले, गलाईच्या कामाला. मामाची भट्टी आधीच तिथे होती. मुशीत सोनं वितळवायला, शुद्ध करायला शिकले, दहा वर्षांत स्वतःचं दुकान झालं. सोन्याचा भाव चढत गेला तसं घर चढलं. माझा थोरला भाऊ १९७३ मध्ये मुंबईला गिरणीत लागला, साचे खात्यात. लालबागला गावकीची खोली, रात्रपाळीवाले दिवसा झोपणार, दिवसपाळीवाले रात्री. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात तो. गिरणी पुन्हा त्याच्यासाठी उघडली नाही. पुढे वाशीच्या बाजारात त्याने पाठीवर पोती वाहिली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत.

लग्नकार्यात माझ्यासमोर लोक म्हणतात, गलाईवाले निर्व्यसनी म्हणून वर आले, मुंबईला गेलेले वाया गेले. माझ्या भावाने आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही. पगारातले चाळीस टक्के दर महिन्याला मनिऑर्डरने गावाला यायचे, त्या पावत्या वहिनीने अजून ट्रंकेत ठेवल्या आहेत. सासरेही कष्टाचे होते, त्यांचं काही काढून घेत नाही. दोघेही कष्टाच्या मातीतले, दोघेही पहाटे चारला उठणारे. एकाला मामाची भट्टी मिळाली, दुसऱ्याला बंद पडणारी गिरणी.

म्हणून जेव्हा कोणी छापतं की अमुक समाज मागे, कारण त्यांच्या अंगातच नाही, तेव्हा मला माझा भाऊ दिसतो. आपला पेपर गावागावांत वाचला जातो. ब्राँक्समधल्या बाईपर्यंत तो पोचणार नाही, पण तेच वाक्य इथे आपल्याच कोणाच्या तरी तोंडावर फेकलं जातं.

माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी असा तक्ता छापाल तेव्हा शिक्षण आणि कमाई यांच्या आधी एक रकाना घाला: हे लोक कधी आणि कोणत्या दाराने आले. घानाच्या ओळीत लिहिण्यासाठी माहिती हवी असेल तर मी तिला विचारून देईन. भिशीचा नंबर लागला की ती मला अजून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवते. या वेळचा फोटो आईच्या घरावर पडलेल्या स्लॅबचा होता, कुमासीचा.

आपली नम्र,
एक पिग्मी एजंट
विटा, जि. सांगली