काकूंचा गेट रिपोर्ट

प्रिय मेधा,

काकूंच्या गेट रिपोर्टचा, म्हणजे चालण्याच्या तपासणीचा, फोटो मिळाला, तिरका काढलायस पण ग्राफ कळतोय. "उजवा गुडघा ५१ डिग्री, नॉर्मल ६०" ही ओळ वाचून तू रात्रभर गूगल करत बसली असणार, खात्री आहे मला. त्या ओळीला आत्ता बाजूला ठेव.

चालताना गुडघा किती वाकतो त्या ग्राफमध्ये दोन उंचवटे दिसतात बघ. टाच टेकते तेव्हा गुडघा जवळपास सरळ असतो, मग अंगाचं वजन त्याच्यावर आलं की तो १५-२० डिग्री वाकतो, पुन्हा सरळ होतो, आणि पाय उचलून पुढे टाकताना साठच्या आसपास वाकतो. सगळ्यांचं लक्ष त्या मोठ्या उंचवट्याकडे जातं. मी आधी छोटा बघते, कारण वजन येतं त्या क्षणी गुडघा थोडा वाकून धक्का जिरवतो, आणि काकूंसारखी गुडघ्याची झीज झालेली माणसं नेमकं तेच टाळतात. मांडीचे पुढचे नि मागचे स्नायू एकदम आवळून गुडघा ताठ धरतात, दुखू नये, लचकू नये म्हणून. काकूंचा उजवीकडचा छोटा उंचवटा जवळजवळ सपाटच आहे. मला त्या ५१ पेक्षा याची जास्त काळजी वाटते.

आता स्पीड. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात ०.८ मीटर प्रति सेकंद लिहिलंय, धडधाकट माणूस साधारण १.२ ते १.४ ने चालतो. हळू चाललं की चांगल्या गुडघ्याचेही दोन्ही उंचवटे कमी होतात गं! म्हणजे त्यातलं किती झिजेमुळे नि किती नुसतं सावकाश चालल्यामुळे, हे वेगळं काढायचं तर त्याच स्पीडला चालणाऱ्या निरोगी माणसाशी तुलना हवी, आणि रिपोर्टमधली 'नॉर्मल' पट्टी बहुतेक वेळा भरभर चालणाऱ्या तरुण मंडळींची असते. लॅबला फोन करून एवढं विचारच.

आणि साडी! काकूंना हाफ पँट घालायला लावली म्हणून त्या चिडल्या ना? सगळ्याच आज्या चिडतात. पण कॅमेऱ्याला चमकणारे मार्कर दिसायला हवेत, ते कमरेच्या हाडावर, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, घोट्यावर, थेट कातडीवर चिकटवतात, साडीवरून जमत नाही. त्यात आमच्यासमोर माणूस जपून, परीक्षेला बसल्यासारखं चालतो, म्हणून पहिल्या एकदोन फेऱ्या मी धरतच नाही. दुसरी भानगड म्हणजे मांडीची कातडी नि चरबी हाडावरून सरकते, मार्कर तिच्याबरोबर जातो. पुढेमागे वाकण्याचा आकडा तरी बऱ्यापैकी भरवशाचा असतो, पण गुडघा आडवा किती झुकला, किती फिरला, हे आकडे मुळातच दोनचार डिग्रीचे, आणि चूकही तेवढीच. त्यामुळे पान ३ वरचे ते दोन रंगीत ग्राफ बघून डोकं पिकवू नकोस.

पान ४ मात्र नीट बघ. जमिनीत बसवलेल्या फोर्स प्लेटवरून कळतं की जमीन पायाला किती नि कुठून ढकलते. त्या ढकलण्याची रेषा गुडघ्याच्या आतल्या बाजूने जाते, म्हणून चालताना निम्म्याहून बराच जास्त भार आतल्या कप्प्यावर पडतो आणि झीज बहुतेक तिथूनच सुरू होते. काकूंचे पाय बाहेर वाकलेत, त्यामुळे आतल्या भाराचा हा आकडा वाढणारच. पण हाही हिशोबाने काढलेला अंदाज आहे, सांध्याच्या आतला खरा भार बाहेरून मोजता येत नाही. बर्लिनमध्ये काही पेशंटना सेन्सर असलेले कृत्रिम गुडघे बसवले होते, तेव्हा साध्या चालण्यात शरीराच्या वजनाच्या अडीचपटीहून जास्त भार निघाला, जिना उतरताना तर तिपटीहूनही जास्त.

एक्स-रेवर झीज किती ते सांगणाऱ्या ग्रेड ३ चं म्हणशील तर ती ग्रेडिंगची पद्धत १९५७ ची, हाडांमधली फट नि वाढलेली हाडं बघून ठरवायची. फोटोत माणूस चालत नसतो. ग्रेड ३ वाले जिने चढणारे पाहिलेत मी आणि ग्रेड २ वाले खुर्चीला खिळलेले.

आत्ता काय करायचं, तर काठी, आणि तीही डाव्या हातात कारण दुखतो उजवा. सगळे दुखऱ्या बाजूलाच धरतात! शिवाय मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम, रोज, त्या कुरकुरल्या तरी. तीन महिन्यांनी परत मोजू, त्याच लॅबमध्ये नि याच ०.८ च्या स्पीडला, नाहीतर दोन रिपोर्ट शेजारी ठेवून काही उपयोग नाही. काकूंना म्हणावं हाफ पँट घरून आपली आपण आणा, लॅबवाल्यांची फारच आखूड असते.

तुझी,
अनू