मार्करकाकांना पत्र: हळू बॉलबद्दल आभार

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता यावं असं लिहितोय, कारण त्यातलं जे काही आहे ते पुण्यातल्या कुठल्याही कोर्टवर सकाळी तासभर खेळणाऱ्या चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाच्या उपयोगाचं आहे, आणि ते सगळं तुमच्याकडून आलेलं आहे. क्लबच्या कागदोपत्री तुम्ही मार्कर. समोरून बॉल परत देत राहायचा, एवढंच काम. पण तुम्ही प्रत्येक बॉल वेगळा दिलात: एक उंच, एक जमिनीलगत, एक मऊ, एक थेट अंगावर. टेनिसमध्ये जोरापेक्षा जोरातला फरक जास्त छळतो, हे कळायला तेवढं पुरेसं होतं. त्याबद्दल मनापासून आभार.

तुमचा हिशेब अगदी साधा. कोर्टची लांबी २३.७७ मीटर. ताशी ९० किलोमीटरचा बॉल सेकंदाला २५ मीटर कापतो, म्हणजे हवेचा विरोध आणि टप्पा बाजूला ठेवला तर एका सेकंदाच्या आत समोर पोचतो. ताशी ६० च्या बॉलला तेवढ्याच अंतराला साधारण १.४ सेकंद लागतात. या जवळपास अर्ध्या सेकंदातच सगळा खेळ आहे. चार बॉल एका तालात मारलेला माणूस पाचव्यालाही त्याच तालात रॅकेट फिरवतो, आणि बॉल अजून आलेलाच नसतो. मात्र पाचही बॉल हळू दिले तर त्याचा ताल त्या हळूवरच बसतो. म्हणून तुम्ही कधी ‘हळू खेळा’ म्हणाला नाहीत, ‘बदला’ म्हणालात.

सगळ्यात जास्त वेळ तुम्ही बॅकहँड स्लाइसला, म्हणजे बॉलला उलटी फिरकी देणाऱ्या फटक्याला दिलात, आणि तो तेवढा द्यायलाच हवा. उजव्या हाताच्या खेळाडूनं पकड कॉन्टिनेन्टल, म्हणजे हातोडी धरतो तशी, ठेवायची, डाव्या हातानं रॅकेटचा गळा धरून खांदा पूर्ण वळवायचा, रॅकेट बॉलच्या उंचीपेक्षा वर आणि तिचं तोंड किंचित उघडं. इथपर्यंत सगळ्यांना जमतं. चुकतं ते पुढे. रॅकेट वरून खाली कापत आणली की फिरकी भरपूर मिळते, पण बॉल पुढे जायची ताकद उरत नाही. तो तरंगतो, सर्व्हिस लाइनच्या (नेट आणि मागची बेसलाइन यांच्या मधल्या आडव्या रेघेच्या) आत पडतो आणि समोरच्याला आयता मिळतो. तव्यावरच्या भाकरीखाली उलथनं सरकवावं तशी रॅकेट पुढे सरकवायची, या तुमच्या एका वाक्यानं अनेकांचा स्लाइस सुधारला आहे. बॉल नेटवरून फूट-दीड फुटानं गेला आणि सर्व्हिस लाइनच्या पलीकडे पडला, तर समोरच्याला गुडघे वाकवून नेटच्या उंचीखालून तो उचलावा लागतो, आणि जोरही स्वतःचाच आणावा लागतो. फटक्याच्या वेळी डावा हात मागेच ठेवायचा. तो पुढे आला की छाती उघडते आणि दिशा हातात राहत नाही.

जोरात मारणाऱ्यांशी हेच का चालतं, याचं सर्वात मोठं उदाहरण १९७५ ची विम्बल्डन फायनल. जिमी कॉनर्सला समोरून आलेला वेग परत फिरवायला आवडायचं. आर्थर ॲशनं तो वेग त्याला दिलाच नाही. फोरहँडला खाली राहणारे मऊ बॉल, मध्येच लॉब (डोक्यावरून जाणारा उंच बॉल), बाहेर जाणारी स्लाइस सर्व्हिस, आणि सामना ६-१, ६-१, ५-७, ६-४. याच्या उलट, सगळं नुसतं परत ढकलणारा खेळाडू समोर असला तर त्याला हळू बॉल देऊन काहीच मिळत नाही. त्याला आखूड स्लाइसनं नेटपर्यंत ओढायचं आणि मग डोक्यावरून लॉब.

उंच बॉलसाठी तुम्ही नेटच्या खांबांना बांबू बांधून नेटच्या ५ फूट वर सुतली ताणलीत, आणि सर्व्हिस लाइन ते बेसलाइन या १८ फुटांतल्या शेवटच्या ६ फुटांवर चुन्याची रेघ मारलीत. सुतलीवरून जायचं, रेघेपलीकडे पडायचं. यात बहुतेकांची गफलत एकच: वजन मागच्या पायावर जातं, रॅकेटचं तोंड आकाशाकडे उघडतं, टॉपस्पिन (पुढच्या दिशेची फिरकी) नाहीच, आणि बॉल मध्यावर पडून स्मॅश होतो. गुडघे वाकवून रॅकेट बॉलच्या खालून सुरू करायची, बॉल वर घासायचा, हात खांद्यावर संपवायचा. असा बॉल एकहाती बॅकहँडवाल्याच्या खांद्यावर चढला की त्याला मागे सरकण्यावाचून पर्याय नसतो. त्यानंतर त्याच्याकडून आखूड बॉलच येणार, ही तुमची पैज असायची.

ड्रॉप शॉटबद्दल, म्हणजे नेट ओलांडताच पडणाऱ्या मऊ बॉलबद्दल, तुमचा नियम कडक, आणि तो पाळायलाच हवा: बेसलाइनच्या मागून मारायचा नाही. तिथून नेटपर्यंतच ३९ फूट, तेवढ्या वेळात समोरचा चालतही पोचतो. दोन पावलं आत आल्यावर, स्लाइसचीच तयारी दाखवून, पकड सैल करून मारायचा. बॉलची सर्वात जास्त उंची आपल्या बाजूला असावी आणि दुसरा टप्पा समोरच्या सर्व्हिस बॉक्समध्येच पडावा. मारून उभं राहायचं नाही, लगेच पुढे यायचं, कारण उत्तर बहुधा आखूडच येतं. आणि ३०-४० वर, म्हणजे आणखी एक पॉइंट गेला की गेमच जातो तेव्हा, ड्रॉप मारायचा नाही.

बदल केव्हा करायचा, हे तुम्ही पायांवरून ठरवायला शिकवलंत. पाय जागेवर असतील तर स्लाइस, ड्रॉप, काहीही. धावत, ताणून बॉल गाठला असेल तर फक्त उंच आणि तिरका: नेट मध्यभागी खांबांपेक्षा ६ इंचांनी खाली असतं, आणि सिंगल्समध्ये कर्णाची लांबी सरळ रेषेपेक्षा चारेक फुटांनी जास्त मिळते.

हवामानाचंही तुम्ही सोडलं नाहीत. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, त्यामुळे मुंबईच्या मानानं बॉल किंचित जास्त जातो. मे महिन्याच्या उन्हात तर आणखी. डिसेंबरच्या सकाळी तोच बॉल कमी उसळतो, तेव्हा स्लाइस फार त्रास देतो. पावसाळी हवेत बॉलची लव ओल धरते, बॉल जड होतो, आणि नेहमीच्या ताकदीचा लॉब आखूड पडतो. नियमाप्रमाणे २५४ सेंटिमीटरवरून सोडलेला बॉल १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळायला हवा. खांद्यावरून सोडलेला बॉल निम्म्यापर्यंतही आला नाही तर त्यावर ड्रॉपचा सराव करू नका, हा तुमचा सल्ला सोन्यासारखा आहे. मेलेल्या बॉलवर सगळ्यांचाच ड्रॉप जमतो, आणि नवा डबा उघडला की तोच बॉल उसळून समोरच्याच्या हातात जातो.

आता राहिली डबल्स. सर्व्हिस करून पुढे येणाऱ्याच्या पायाशी मऊ चिप रिटर्न (सर्व्हिसला थोडक्यात कापून दिलेलं उत्तर), आणि पुढच्या वेळी तशाच आखडत्या तयारीनं नेटवरच्या जोडीदाराच्या बॅकहँड खांद्यावरून लॉब. या दोन फटक्यांची तयारी बाहेरून अगदी सारखी दिसायला हवी, आणि ती अजून दिसत नाही. पाऊस थांबून मातीवर रोलर फिरला की त्याचा सराव तुमच्याकडूनच घ्यायचा आहे. वार आणि वेळ तुम्ही कळवा.

आपले,
सकाळच्या बॅचचे खेळाडू, पुणे